वर्ष गेलं, नाव कमी झालं: विद्यापीठाच्या निर्णयाविरुद्ध अपील कसं करायचं?

पाऊलवाट (धागाकर्ती)

निकाल लागले की इथे दरवर्षी "वर्ष गेलं, आता काय करू?" असा एखादा धागा येतो. खाली धीर देणारे भरपूर प्रतिसाद येतात. धीर लागतोच, त्याबद्दल दुमत नाही. पण "अपिलाची मुदत कधी संपते?" हा प्रश्न बहुतेक वेळा कुणीच विचारत नाही, आणि विचारतो तेव्हा ती संपलेली असते. म्हणून हा वेगळा धागा.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाने माझं नाव कमी करायचं ठरवलं होतं. अपील केलं, ते फेटाळलं गेलं. वरच्या पायरीवर गेले, तिथे मंजूर झालं. पुढे सहा वर्षं विद्यार्थी सल्ला कक्षात काम केलं, मुलांचे अर्ज वाचले, त्यांच्याबरोबर सुनावणीला बसले. त्या अनुभवावर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे अपील म्हणजे रिचेकिंग किंवा रिव्हॅल नव्हे. त्यासाठी वेगळे नियम असतात. इथे बोलतोय ते प्रगतीच्या निर्णयांबद्दल: पुढच्या वर्षात न पाठवणं, तेच वर्ष पुन्हा करायला लावणं, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देणं, प्रोबेशनवर टाकणं, अभ्यासक्रमातून नाव काढणं. "माझं उत्तर चांगलं होतं, मला जास्त मार्क हवे होते" हा अपिलाचा मुद्दा जवळजवळ कुठेच चालत नाही. उत्तराचं मूल्य काय हे परीक्षकांनी ठरवायचं, यात समित्या हात घालत नाहीत आणि न्यायालयंही सहसा घालत नाहीत.

मग चालतं काय? शब्द बदलतात, पण बहुतेक ठिकाणी मुद्दे तीनच. पहिला, निर्णय घेताना विद्यापीठाने स्वतःचाच नियम पाळला नाही: नोटीस दिली नाही, गुणांची बेरीज चुकली, मंजूर झालेली सवलत प्रत्यक्षात दिली नाही. दुसरा, तुमच्या बाबतीत असं काही घडलं होतं जे निर्णय घेणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ते वेळेवर न सांगण्याला सबळ कारण होतं. तिसरा, पूर्वग्रह किंवा भेदभाव. हा तिसरा मुद्दा रागाच्या भरात सगळ्यात जास्त लिहिला जातो आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड असतो. कागद नसेल तर त्याला हात लावू नका. तो बाकीचा अर्जही घेऊन बुडतो.

बहुतेकांची अपिलं दुसऱ्या मुद्द्यावर असतात आणि ती एकाच प्रश्नावर तरतात किंवा बुडतात: तेव्हाच का सांगितलं नाहीस?

माझं पहिलं अपील सहा पानी होतं. किती त्रास झाला, झोप कशी लागत नव्हती, पेपर समोर आला की हात कसे थरथरायचे, सगळं होतं. उत्तर चार ओळींचं आलं. त्यातली एक ओळ अजून पाठ आहे: "ही माहिती परीक्षेपूर्वी देणे विद्यार्थिनीस शक्य होते." सहा पानांत या प्रश्नाला मी शिवलेच नव्हते. मला वाटलं होतं, त्रास खरा आहे एवढं पटलं की पुरे.

दुसऱ्या वेळी एकच पान लिहिलं. परीक्षेच्या दोन दिवस आधी मी विभागप्रमुखांना ईमेल लिहायला घेतला होता. "सर, मला तुमच्याशी बोलायचं आहे" एवढंच लिहून सोडून दिला. तो ड्राफ्ट्समध्ये तसाच पडून होता, तारखेसकट. त्याची प्रत लावली. सोबत समुपदेशकांचं पत्र लावलं. मदत मागणं टाळणं हा या आजाराचाच भाग असतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. हे पत्र आधीच्या समितीपुढे नव्हतं, म्हणून नवा पुरावा ठरलं. न पाठवलेल्या एका मेलने माझी पदवी वाचवली असं मी मानते.

ज्यांनी अपील केलं आहे, मंजूर झालं असो वा नसो, त्यांनी कृपया अनुभव लिहा. आणि कुणाला आत्ता पत्र आलं असेल तर विचारा.

---

अबोली

फार गरजेचा धागा. वाचते आहे.

---

निशिगंध२२

ताई, मला परवा पत्र आलं. तीन विषय दुसऱ्या प्रयत्नातही गेले, म्हणून "अभ्यासक्रम पुढे सुरू ठेवता येणार नाही" असं लिहिलंय. घरी अजून सांगितलं नाही. परीक्षेच्या काळात बाबा हॉस्पिटलमध्ये होते, रात्री मीच थांबायचे. पण अशी परिस्थिती विद्यापीठाला कळवायचा कुठलाच फॉर्म मी भरला नव्हता. असा फॉर्म असतो हेच माहीत नव्हतं. आता काही होऊ शकतं का?

---

पाऊलवाट

होऊ शकतं. सगळ्यात आधी एवढंच सांग: पत्रावर तारीख काय आहे आणि तुला ते प्रत्यक्षात कधी मिळालं? मुदत यांपैकी कुठल्या तारखेपासून मोजायची हे नियमावलीत लिहिलेलं असतं. मुदत कामाच्या दिवसांत आहे की कॅलेंडरच्या, तेही बघ.

दुसरं, त्या काळात कुणालाच काही बोलली नव्हतीस का? एखादे सर, मॅडम, वर्गातलं कुणी? तोंडी सांगितलं असेल तरी आठव.

आणि आजच घरी सांग. बाबांचे हॉस्पिटलचे कागद तुला लागणार आहेत, ते घरातूनच मिळतील.

---

निशिगंध२२

पत्र सोमवारच्या तारखेचं आहे, मेल मंगळवारी रात्री आला. मुदत दहा कामाचे दिवस.

एका सरांना वर्गानंतर सांगितलं होतं की बाबा आयसीयूत आहेत, असाइनमेंट उशिरा दिली तर चालेल का. ते हो म्हणाले होते. बस, तेवढंच.

---

पाऊलवाट

हो म्हणाले ते तोंडी, की मेलवर? इनबॉक्समध्ये त्यांचं नाव टाकून शोध. आत्ताच.

---

खडूफळा

मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे अपील समितीवर. माझ्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही, पण आत काय होतं ते लिहितो. उपयोग होईल.

एका बैठकीत आमच्यापुढे दहा-बारा प्रकरणं असतात. फाइल आधी मिळते आणि बहुतेक सदस्य ती खरंच वाचतात. पण कसे वाचतात ते लक्षात घ्या. आधी निर्णयाचं पत्र, मग गुणपत्रक, मग पुरावे आणि शेवटी विद्यार्थ्याचं निवेदन. निवेदनाशी येईपर्यंत आमच्या डोक्यात तारखा बसलेल्या असतात. निवेदनात तारखाच नसतील तर ते आम्हाला कुठेच जोडता येत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला एक तक्ता करायला सांगतो. चार रकाने: तारीख, काय घडलं, त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात कुठली परीक्षा होती, आणि पुरावा म्हणून कुठला कागद जोडला आहे. एवढा तक्ता नीट असेल तर निवेदन एका पानाचं असलं तरी पुरतं.

आता मेडिकल सर्टिफिकेट. निम्मी सर्टिफिकेटं आम्हाला बाजूला ठेवावी लागतात. मूल खोटं बोलतंय म्हणून नव्हे. मजकूर असा असतो: "रुग्णाच्या सांगण्यानुसार त्यांना मार्च महिन्यात त्रास होत होता", आणि खाली तारीख जूनची. डॉक्टरांनी स्वतः काय पाहिलं ते यात कुठेच नाही. "मी अमुक तारखेला तपासलं, अमुक निदान केलं, त्यामुळे तीन तास बसून पेपर लिहिणं कठीण होतं" असं एक वाक्य असेल तर त्याचं वजन फार वेगळं. डॉक्टरांना असं लिहायचं असतं हे ठाऊक नसतं. तुम्ही नम्रपणे सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून सलते. निम्म्या अर्जांत विद्यार्थ्याला नेमकं काय हवंय तेच लिहिलेलं नसतं. "न्याय मिळावा", "एक संधी मिळावी". कसली संधी? पेपर पहिला प्रयत्न म्हणून पुन्हा द्यायचाय? वर्ष पुन्हा करायचंय? काही महिने थांबून परत यायचंय? समितीला गुण वाढवता येत नाहीत, पण बिघडलेला प्रयत्न रद्द धरता येतो, मुदत वाढवता येते, प्रकरण परीक्षा मंडळाकडे परत पाठवता येतं. जे देता येतं तेच मागा आणि नाव घेऊन मागा.

---

पाऊलवाट

+१. शेवटचा मुद्दा मी मूळ धाग्यात लिहायला हवा होता.

---

आबा_साठे

माझा मुलगा खूप खचला आहे. खोलीतून बाहेर येत नाही. त्याच्या वतीने मी अर्ज करू शकतो का? मी दोनदा ऑफिसला फोन केला. तिथून सांगितलं, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. बाप आहे मी त्याचा.

---

खडूफळा

तुमची तळमळ समजते. पण मूल सज्ञान असलं की त्याच्या लेखी संमतीशिवाय ऑफिसने तुमच्याशी न बोलणं हे बहुतेक ठिकाणी बरोबरच असतं. त्यावर चिडून काही हाती लागणार नाही. मुलाकडून दोन ओळींचं संमतिपत्र सहीसकट घ्या: "माझ्या अपिलासंदर्भात माझ्या वडिलांशी बोलावे." बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. अर्जावर सही मात्र मुलाचीच हवी.

आणि तो आत्ता खोलीतून बाहेरच येत नसेल, तर मुदतवाढ मागा. मुदत संपायच्या आत, लेखी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. "कागद मागवले आहेत, अमुक तारखेपर्यंत देतो" असं सांगून अपुरा अर्ज आधी दाखल केलेला चालतो. मुदत उलटल्यावर आलेला पूर्ण अर्ज बहुधा उघडलाही जात नाही.

त्याची काळजी घ्या. पदवीचं नंतर बघता येतं.

---

नियमावली

भारतात शिकणाऱ्यांसाठी लिहितो. बहुतेकांना पुढची पायरीच माहीत नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम एप्रिल २०२३ मध्ये आले. आधीच्या २०१९ च्या विनियमांच्या जागी हे आहेत. त्यानुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. समितीने तक्रार आल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. तो पटला नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेले) अपील करता येतं. लोकपालांनी ३० दिवसांत प्रकरण निकाली काढायचा प्रयत्न करायचा. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत, निकालाला ठरल्यापेक्षा होणारा उशीर, कागदपत्रं अडवून ठेवणं, हे सगळं तक्रारीच्या व्याख्येत बसतं.

एक अट नीट वाचा. नुसतं फेरमूल्यांकन किंवा फेरगणती मागणारा अर्ज लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचं विशिष्ट उदाहरण दाखवावं लागतं. म्हणजे पाऊलवाट यांनी वर जे लिहिलं तेच इथे नियमात आहे.

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची 'माहिती' आहे. बऱ्याच विद्यापीठांत झेरॉक्ससाठी वेगळा अर्जही असतो आणि तो लवकर होतो. उलट बाजूही सांगतो. नियमात तरतूद नसेल तर फेरमूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, असं त्याच न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच शिक्षण मंडळाच्या प्रकरणात म्हटलं होतं. तेव्हा आधी उत्तरपत्रिका पाहा. एखादं उत्तर तपासायचंच राहिलं असेल, बेरीज चुकली असेल, पुरवणी जोडलेली नसेल, तर ती अनियमितता झाली. मग बोलायला जागा आहे.

---

टेम्सकाठ

इंग्लंड आणि वेल्समधल्या मुलांसाठी: विद्यापीठाच्या सगळ्या पायऱ्या संपल्या की 'कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स' नावाचं पत्र मिळतं. ते मिळालं नाही तर मागून घ्या. त्या पत्राच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे जाता येतं. त्याला सगळे ओआयए म्हणतात. विद्यार्थ्याला एक पैसा लागत नाही. तेही गुण बदलत नाहीत. विद्यापीठाने आपले नियम पाळले का आणि निर्णय वाजवी होता का, एवढंच पाहतात. स्कॉटलंडमध्ये हे काम सार्वजनिक सेवांच्या लोकपालांकडे आहे.

व्हिसावर असाल तर अपिलाबरोबरच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, त्याच दिवशी. नाव कमी झालं की विद्यापीठाला ते सरकारला कळवावंच लागतं. अपील चालू असताना आपल्या बाबतीत काय होणार हे लेखी विचारून ठेवा.

---

यारा

ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्याची प्रगती समाधानकारक नाही असं सरकारला कळवण्याआधी विद्यापीठाला तसा लेखी इरादा कळवावा लागतो आणि अंतर्गत अपिलासाठी २० कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. हे परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या संस्थांसाठीच्या राष्ट्रीय संहितेतच आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय लोकपालही सुरू झाले आहेत. माझ्या मैत्रिणीने "इरादा" असं लिहिलेलं पत्र म्हणजेच अंतिम निर्णय समजून परतीचं तिकीट काढलं होतं. पत्र दोनदा वाचा.

---

प्रेअरी

अमेरिकेत गोंधळ उडतो तो दोन अपिलांचा. नाव कमी केल्याविरुद्धचं अपील वेगळं, आणि फेडरल आर्थिक मदत बंद झाल्याविरुद्धचं वेगळं. मदतीसाठी 'समाधानकारक प्रगती'चा नियम असतो. सरासरी किती, घेतलेल्या श्रेयांकांपैकी किती पूर्ण केले, आणि पदवीच्या ठरलेल्या लांबीच्या १५० टक्क्यांच्या आत सगळं पूर्ण होतंय का, हे पाहतात. या अपिलात दोन गोष्टी लिहाव्या लागतात: का जमलं नाही, आणि आता काय बदललंय. मुलं पहिलीवर तीन पानं लिहितात आणि दुसरीवर "मी मेहनत करीन". बदललंय म्हणजे काहीतरी दाखवता येईल असं: नोकरीचे तास कमी केले, औषध सुरू झालं, विषय कमी घेतले, शिकवणी लावली. एक अपील मंजूर झालं म्हणजे दुसरंही झालं, असं समजू नका.

---

निशिगंध२२

ताई, मेल सापडला!! सरांनी लिहिलंय: "घरी सगळं लवकर ठीक होवो. असाइनमेंट पुढच्या शुक्रवारपर्यंत दे." पहिल्या पेपरच्या नऊ दिवस आधीचा आहे.

काल रात्री घरी सांगितलं. आई काही बोलली नाही, उठून हॉस्पिटलची फाइल घेऊन आली. ॲडमिशन, आयसीयूतून वॉर्डात हलवल्याची तारीख, डिस्चार्ज, सगळं आहे. अर्ज लिहिलाय. सुरुवात अशी आहे:

"मी अत्यंत नम्रपणे विनंती करते की माझ्या कौटुंबिक परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला एक संधी देण्यात यावी. मी माझ्या चुकीबद्दल दिलगीर आहे आणि यापुढे मन लावून अभ्यास करीन."

---

पाऊलवाट

तो मेल म्हणजे तुझ्या अपिलाचा कणा आहे. त्याचं महत्त्व सांगते. विभागातल्या एका शिक्षकाला तुझ्या घरची परिस्थिती परीक्षेच्या आधी लेखी माहीत होती. त्यांनी चांगुलपणाने मुदत वाढवली. पण परिस्थितीचा फॉर्म भर, हे तुला सांगितलं नाही. तुझ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी पुस्तिकेत शिक्षकांनी अशा मुलांना कुठे पाठवायचं याबद्दल काही असेल तर ते वाक्य शोध आणि जसंच्या तसं उतरव. सरांवर आरोप करायचा नाही. त्यांनी मदतच केली आहे, तेही लिहायचं.

आता तुझी सुरुवात. यात दया मागितली आहे. तू माफी कशाची मागते आहेस? बापाच्या उशाशी बसलीस याची? असं लिही:

"तीनही विषयांचे दुसऱ्या प्रयत्नाचे पेपर ३ ते १९ तारखेदरम्यान झाले. माझे वडील आदल्या महिन्याच्या २२ तारखेपासून अतिदक्षता विभागात होते आणि १६ तारखेला घरी आले (कागद क्र. १, २). या काळात रात्री त्यांच्याजवळ मी थांबत होते (कागद क्र. ३, आईचे निवेदन). ही परिस्थिती मी विभागातील शिक्षकांना परीक्षेपूर्वी कळवली होती (कागद क्र. ४). विशेष परिस्थितीचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो हे मला तेव्हा माहीत नव्हते व कोणी सांगितले नाही."

तारखा तुझ्या फाइलप्रमाणे घाल. त्यानंतर "मला हवे आहे ते" असं लिहून एक परिच्छेद. मग "आता काय बदलले आहे": बाबा घरी आले, रात्रीची जबाबदारी कोण घेतंय, तू कशी तयारी करणार. झालं. दीड पानाच्या वर जाऊ नकोस.

---

खडूफळा

पाऊलवाट यांनी लिहिलेल्या सुरुवातीसारखा अर्ज आला की समितीत खुर्च्या पुढे सरकतात. मी पाहिलंय.

एक सूचना. हल्ली अगदी गुळगुळीत, तयार मजकुराचे अर्ज येतात. भाषा निर्दोष, पण सगळ्यांची सारखीच, आणि तारीख एकही नाही. भाषा अडखळली तरी चालेल, अर्ज तुमचा वाटू द्या.

---

संशोधक_मी

पीएचडीवाल्यांसाठी. प्रगती आढाव्यात मला "असमाधानकारक" शेरा मिळाला होता. मी अपिलात लिहिलं की मार्गदर्शक वर्षभर भेटतच नव्हते. हे खरं होतं. पण मी त्या वर्षात एकदाही लेखी तक्रार केली नव्हती, उलट वार्षिक फॉर्मवर "मार्गदर्शन समाधानकारक" अशी सही केली होती. तीच सही माझ्यासमोर ठेवली. अपील गेलं. मी आता नव्यांना सांगतो: भेट ठरली आणि झाली नाही, तर त्याच संध्याकाळी एक सभ्य मेल टाका, "आज भेट होऊ शकली नाही, पुढची वेळ कळवावी." तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

---

अबोली

एक विचारू का? मी दोन वर्षांपूर्वी अपील केलंच नाही, कारण तेच सर पुढे प्रॅक्टिकलला असणार होते. सगळे म्हणाले, वाकड्यात शिरू नकोस. वर्ष पुन्हा केलं. आज हा धागा वाचून रडू आलं. भीती चुकीची होती का?

---

पाऊलवाट

अबोली, भीती चुकीची नव्हती. तुम्ही त्या वेळी स्वतःला सांभाळलंत. अपील केलं म्हणून त्रास देता येणार नाही असं अनेक विद्यापीठांच्या नियमांत असतं, पण कागदावरचा नियम आणि प्रॅक्टिकलची खोली यांत अंतर असतं हे मलाही माहीत आहे.

इतरांसाठी एवढं सांगते. अपील माणसाविरुद्ध नसतं, निर्णयाविरुद्ध असतं, आणि तसंच लिहिता येतं. ज्यांनी निर्णय घेतला ते अपिलावर बसत नाहीत, ही साधी अपेक्षा आहे. बसत असतील तर तिथेच लेखी हरकत घ्या. आणि सुनावणीला सोबत कुणालातरी न्यायची मुभा बहुतेक ठिकाणी असते. त्या माणसाला बोलू दिलं नाही तरी चालेल, शेजारची खुर्ची भरलेली असावी.

---

नियमावली

आणि अपील प्रलंबित असताना वर्गात बसायची परवानगी लेखी मागा. मंजूर झालं तरी दोन महिन्यांचा अभ्यास बुडालेला नको.

---

निशिगंध२२

उशिरा लिहिते आहे, सॉरी. काल सुनावणी झाली.

लांब टेबल होतं, चार जण. मोठी बहीण शेजारी बसली होती. एका मॅडमनी माझा तक्ता हातात धरला होता आणि पेन्सिलने एकेका ओळीवर खूण करत होत्या. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. शब्द वेगळे होते, पण तोच. मी म्हटलं, "मॅडम, मी सरांना सांगितलं होतं. मला वाटलं, सांगितलं म्हणजे सांगितलं." त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग दुसऱ्या सरांना म्हणाल्या, "पुस्तिकेतलं पान काढा."

आज उत्तर आलं. दोन विषयांचा तो प्रयत्न रद्द धरला आहे, ते पुन्हा देता येतील. तिसऱ्याचा पेपर बाबांना डिस्चार्ज मिळाल्यावर तीन दिवसांनी होता, तो मात्र नापासच धरला. त्या विषयासाठी वर्ष पुन्हा नोंदवावं लागेल, माझी बॅच पुढे जाईल. पण नाव कमी होणार नाही.

---

पाऊलवाट

खूप आनंद झाला! बाबांना सांगितलंस का?

तिसऱ्या विषयाबद्दल वरच्या पायरीवर जायचं असेल तर त्याचीही मुदत पत्रात असेल. डिस्चार्जनंतर तीन दिवसांत घरी काय चाललं होतं याचा कागद असेल, ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सची नोंद, औषधांची बिलं, तरच जा. नाहीतर जे मिळालं ते घेऊन अभ्यासाला लाग. निर्णय तुझा.

---

निशिगंध२२

सांगितलं. त्यांनी पत्र स्वतः वाचायला मागितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

वर नाही जाणार. त्या तीन दिवसांत मी खरं तर झोपले होते, ताई. नुसती झोपले होते.

---

चाफा_नवा

नमस्कार, आत्ताच सदस्य झालो. हजेरी कमी म्हणून मला परीक्षेला बसू दिलं नाही, आज पत्र हातात पडलं. डोकं चालत नाहीये. कुठून सुरुवात करू?

---

निशिगंध२२

पत्रावर तारीख काय आहे, आणि तुला ते आज किती वाजता मिळालं? दोन्ही कागदावर लिहून ठेव आणि मग इथे सांग. मी आहे.